‘बी’ अक्षराची पालखी

इ. स. २००४ मध्यें ब्रिटिश कौन्सिल या संस्थेनें आपल्या स्थापनेस सत्तर वर्षें झाल्याच्या निमित्तानें एक कौतुकाचा उपक्रम केला. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाहीं, अशा अनेक देशांतील हजारों लोकांस विचारण्यांत आलें कीं, इंग्रजींतील सर्वांत सुंदर शब्द कोणते? आलेल्या उत्तरांवरून सत्तर शब्दांची एक यादी सिद्ध झाली. पहिला मान ‘मदर’ म्हणजे आई या शब्दास मिळाला, आणि त्याबद्दल कोणाचाहि मतभेद होण्याचें कारण नाहीं. त्या यादींत ‘बी’ अक्षरानें आरंभ होणारे शब्दहि थोडेथोडके नव्हते. ‘ब्लॉसम’ म्हणजे मोहोर, ‘ब्लू’ म्हणजे निळा, ‘ब्लिस’ म्हणजे परमानंद, ‘बटरफ्लाय’ म्हणजे फुलपाखरूं आणि ‘बबल’ म्हणजे पाण्याचा बुडबुडा. हे शब्द उच्चारतांना दोन्ही ओठ क्षणभर मिटतात आणि लागलेच उघडतात. तान्ह्या मुलाच्या बोबड्या बोलांत आरंभीं येणारे वर्ण बहुधा ओष्ठ्यच असतात. ‘बाबा’ म्हणावयास मुलास पंतोजी लागत नाहीं. या अक्षराची गोडी अशी जन्मापासूनची आहे.

परंतु शब्दाचें सौंदर्य दोन प्रकारचें असतें. एक कानाला कळणारें आणि दुसरें त्याच्या चरित्रावरून कळणारें. एखादा मनुष्य दिसावयास सुरेख असतो. दुसरा दिसण्यांत साधा असून त्याची हकीकत ऐकली म्हणजे त्याच्याविषयीं आदर उत्पन्न होतो. शब्दांचेंहि तसेंच आहे. लोकमतानें निवडलेल्या यादींत पहिल्या प्रकारचे शब्द आले, दुसऱ्या प्रकारचे राहून गेले. ते पाहावयाचे असतील तर लंडनपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. परळच्या भोईवाड्यापर्यंत गेलें तरी पुरे आहे.

मुंबईंत भोईवाडे दोन. एक भुलेश्वराजवळचा आणि दुसरा परळचा. परळचा भोईवाडा आज बहुतेकांस ठाऊक असतो तो तेथील न्यायालयामुळें, पोलीस ठाण्यामुळें आणि आसपासच्या मोठमोठ्या रुग्णालयांमुळें. कज्जा असल्यावांचून किंवा दुखणें आल्यावांचून परक्या मनुष्याचें पाऊल तिकडे सहसा वळत नाहीं. पण नांवाकडे लक्ष दिलें तर जुना काळ उभा राहतो. जेथें भोई राहत तो भोईवाडा. भोयांचे व्यवसाय दोन: नदीतळ्यांतील मासे धरणें आणि खांद्यावर पालखी वाहणें. मोल्सवर्थच्या कोशांतहि भोई या शब्दाची ओळख याच व्यवसायांवरून करून दिलेली आहे.

पालखी वाहणें ही केवळ अंगमेहनत नव्हती. दांडीखालीं दोघे पुढें आणि दोघे मागें असत. लांबची वाट असली म्हणजे खांदा बदलावयास आणखी गडी बरोबर घेत. चौघांचें पाऊल एका तालांत पडलें नाहीं तर आंत बसलेल्यास हिसके बसत. म्हणून पुढचा भोई वाटेंतील खड्डा, दगड, चढ, उतार हें सर्व हुंकारून किंवा गुणगुणून सांगे आणि मागचे त्यास साथ देत. मागच्या जोडीला पालखीमुळें पुढचें कांहींच दिसत नसे. तिचे डोळे म्हणजे पुढच्याचा आवाज. अशा रीतीनें शब्दावर भिस्त ठेवून चालणारा हा धंदा होता.

परळास गव्हर्नरसाहेबांचा वाडा होता. १७७१ मध्यें गव्हर्नर हॉर्नबी तेथें राहावयास गेले आणि पुढें शंभरांहून अधिक वर्षें तें गव्हर्नरांचें निवासस्थान राहिलें. त्याच इमारतींत १८९९ मध्यें डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. आज ती हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. गव्हर्नरांच्या वस्तीमुळें परळचा रस्ता हा मोठ्या लोकांचा रस्ता झाला, आणि त्या काळीं मोठेपणाचें वाहन म्हणजे पालखी. ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण कारकुनांसहि तिचा एवढा शोक जडला कीं, त्यांनीं पालखी ठेवूं नये असे हुकूम वरिष्ठांस काढावे लागले. १८०९ मध्यें मुंबईस आलेल्या मरिया ग्रॅहॅम या इंग्रज बाईंनीं आपल्या रोजनिशींत नोंद केली आहे कीं, येथील पालखीवाल्यांस हमाल म्हणतात आणि ते बहुतकरून मराठी मुलुखांतून आलेले कुणबी असतात. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं खांदे कुणब्यांचे झाले होते, हांक हमाल अशी झाली होती, आणि भोई हें नांव वस्तीनें जपून ठेविलें होतें.

आतां ‘बी’ अक्षराकडे वळावें. या देशांतील जे शब्द इंग्रजींत गेले, त्यांपैकीं पुष्कळ या एका अक्षराखालीं जाऊन बसले आहेत. याचें कारण असें कीं, या अक्षराची पालखी आपल्याकडील चार वर्णांनीं उचलली. ते वर्ण म्हणजे ब, भ, व आणि म. व्याकरणकारांच्या हिशेबानें यांपैकीं तीन ओष्ठ्य आणि व दंतोष्ठ्य. म्हणजे चौघेहि ओठांच्या घरचेच.

पहिला ब. बाजार आणि बंदर हे शब्द फारसींतून आपल्याकडे आले आणि इंग्रजींतहि गेले. मुंबईच्या बोरीबंदराचें नांव इंग्रजी कागदपत्रांत ‘बंदर’ या शब्दाचें भाषांतर न करितांच लिहिलें गेलें. बंगला म्हणजे मूळचें बंगाली धर्तीचें, गवतानें शाकारलेलें, एकमजली घर. कंपनीच्या लोकांस तें हिंदुस्थानांत सोयीचें वाटलें. पुढें त्याचें नांव आणि घाट दोन्ही विलायतेस गेलीं, आणि १८७० च्या सुमारास केंट परगण्यांतील बर्चिंग्टन गांवीं समुद्रकांठीं बंगले उभे राहिले. गोऱ्या बायकांच्या हातांतील ‘बँगल’ ही आपल्या बांगडीची हिंदुस्थानी बहीण, आणि गळ्याभोंवतीं बांधावयाचा ‘बँडॅना’ हा गांठी मारून रंगविलेल्या बांधणीच्या कापडाचा वंशज.

दुसरा भ. याची हकीकत करुण आहे. इंग्रजी वर्णमालेंत महाप्राण भकारास स्वतंत्र स्थान नाहीं. त्यामुळें भकार त्या दारांतून आंत गेला कीं त्याचा प्राण बाहेर राहतो. भांगेची ‘बँग’ झाली, भायखळ्याचें ‘बायकल्ला’ झालें. भोई या शब्दाचें काय झालें, तें पुढें पाहावयाचें आहे.

तिसरा व. हा पोर्तुगीजांच्या हातून गेला. त्यांच्या तोंडीं व आणि ब हे वर्ण एकमेकांच्या जवळ असल्यामुळें वसईचें ‘बसीन’ आणि वांद्र्याचें ‘बँड्रा’ झालें. मलबारांतील ‘वेट्टिल’ म्हणजे विड्याचें पान ‘बीटल’ होऊन इंग्रजी कोशांत शिरलें. गुजराथेंतील वाणी तर या दारानें जाऊन फारच मोठा झाला. इराणच्या किनाऱ्यावर बंदर अब्बासजवळ हिंदी वाणी व्यापारी एका विशाल वडाखालीं जमत आणि देवपूजा करीत. तो वड म्हणजे वाण्यांचें झाड, म्हणून युरोपियनांनीं त्यास ‘बॅनियन ट्री’ म्हटलें, आणि पुढें पृथ्वीवरील यच्चयावत् वडांस तेंच नांव पडलें. वाणी लोक अंगांत घालीत त्या सैल अंगरख्यासहि ‘बॅनियन’ म्हणूं लागले. कालांतरानें त्याचा अर्थ आंतून घालावयाची बंडी असा झाला. हाच शब्द फिरून आपल्या दारीं आला, आणि आज घरोघरीं दोरीवर वाळत पडलेला बनियन पाहून तो आपल्याच वाण्याचा नातू आहे, हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

चौथा म. याचें उदाहरण एकच, पण तें एका महानगराचें. मुंबादेवीची मुंबई पोर्तुगीज कागदांत कधीं ‘मोंबाइम’ तर कधीं ‘बोंबाइम’ अशी येते आणि इंग्रजांच्या तोंडीं ‘बॉम्बे’ होते. ‘बॉम बाहिया’ म्हणजे चांगला उपसागर, त्यावरून बॉम्बे, अशी व्युत्पत्ति पुष्कळ दिवस सांगत असत. परंतु पोर्तुगीज भाषेंत बाहिया हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळें विशेषण ‘बोआ’ असावयास पाहिजे. केवळ लिंगविचारानें ढासळणारी ही व्युत्पत्ति विद्वानांनीं केव्हांच टाकून दिली आहे. १९९५ मध्यें शहराचें अधिकृत नांव मुंबई झालें आणि मकारास आपलें घर परत मिळालें.

खांदा बदलावयास एखादा पांचवा भोई लागतो, तसा येथें प आहे. तेलुगु भाषेंत डुकरासारख्या उंदरास ‘पंदिकोक्कु’ म्हणतात. तोच इंग्रजींत ‘बँडिकूट’ झाला. आपण त्यास घूस म्हणतों. पुढें ऑस्ट्रेलियांतील एका अगदींच निराळ्या प्राण्यास इंग्रजांनीं हेंच नांव दिलें.

या शब्दांत वांग्याचा प्रवास सर्वांत लांबचा. संस्कृत ‘वातिंगण’ शब्दाशीं नातें असलेलें हें नांव इराणांत ‘बादिंगान’ झालें, अरबांनीं त्याच्या मागें आपलें उपपद लावून तें स्पेन-पोर्तुगालपर्यंत नेलें, तेथें तें ‘बेरिंजेला’ झालें, आणि पोर्तुगीज गलबतांतून तें पुन्हां हिंदुस्थानांत येऊन येथील इंग्रजींत ‘ब्रिंजल’ म्हणून स्थिर झालें. विलायतेंतले इंग्रज मात्र त्याच भाजीस फ्रेंचांकडून घेतलेल्या ‘ओबर्जीन’ या नांवानें ओळखतात, आणि तोहि याच कुळांतला शब्द आहे. मंडईंतल्या वांग्यानें अर्ध्या जगाला वळसा घातला, आणि घरीं आल्यावर घरच्यांनीं त्यास साहेब समजून ओळख दिली नाहीं.

मुंबईच्या बोंबलाचीहि अशीच एक कथा आहे. कोळ्यांच्या या माशास इंग्रज ‘बॉम्बे डक’ म्हणूं लागले. सुका बोंबील टपालगाडीनें म्हणजे डाकेनें जाई आणि डब्यास त्याचा वास लागे, म्हणून ‘डाक’चें ‘डक’ झालें, असें आजहि मोठ्या चवीनें सांगण्यांत येतें. परंतु मुंबईहून पहिली आगगाडी निघाली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं, आणि ‘बॉम्बे डक’ हा शब्दप्रयोग इंग्रजी छापील पुस्तकांत त्यापूर्वीं जवळजवळ चाळीस वर्षें सांपडतो. जो शब्द आगगाडीच्या आधीं जन्मला, तो आगगाडींत जन्मला असें कसें म्हणतां येईल? रुचकर गोष्ट आणि खरी गोष्ट यांत निवड करावयाची वेळ आली म्हणजे इतिहासाभ्यासकानें दुसरीचीच निवड केली पाहिजे, मग बोंबलाचा प्रश्न कां असेना.

आतां भोयाकडे परत यावें. एकोणिसाव्या शतकांत कर्नल यूल आणि डॉ. बर्नेल या दोन विद्वानांनीं हिंदी वळणाच्या इंग्रजी शब्दांचा एक विलक्षण कोश रचला. मोहरमांतील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचा इंग्रज शिपायांनीं जो ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा अपभ्रंश केला, तेंच नांव त्यांनीं कोशास दिलें. बर्नेल १८८२ मध्यें वारले. १८८६ मध्यें यूल यांनीं कोश प्रसिद्ध केला. त्यांत ‘बॉय’ या शब्दाचे दोन अर्थ निरनिराळे दिलेले आहेत. एक नोकर, आणि दुसरा पालखी वाहणारा. पहिला अर्थ इंग्रजींतील मुलगा या अर्थाच्या शब्दाचा; त्या भाषेंत नोकरास मुलगा म्हणण्याची चाल जुनीच होती. दुसरा अर्थ मात्र आपल्या भोयाचा, म्हणजे दक्षिणेंतील बोयी याचा. याचा पुरावाहि भक्कम आहे. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारच्या १५५४ च्या हिशेबांत अधिकाऱ्यावर छत्री धरणाऱ्या ‘बॉय’ची नोंद आढळते. लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीची सनद निघाली १६०० मध्यें. इंग्रज या किनाऱ्यावर येण्याच्या अर्धशतक आधीं हा शब्द पोर्तुगीज लेखणीखालून गेला होता. तेव्हां तो इंग्रजी मुलाचा वंशज असणें शक्य नाहीं.

पुढें हे दोन निरनिराळ्या कुळांतले शब्द एका रूपांत मिसळले. पालखीच्या दांडीखालचा बॉय आणि घरांतला बॉय यांतला भेद इंग्रजी कानास राहिला नाहीं. बंगालकडे पालखीवाल्यास ‘बेअरर’ म्हणजे वाहणारा म्हणत. तोहि पालखी सोडून घरांत आला, साहेबाचे कपडे आणि किल्ल्या सांभाळूं लागला आणि शेवटीं हॉटेलांत चहा आणणारा ‘बेअरा’ झाला. १८७४ मध्यें मुंबईंत घोड्यांची ट्राम सुरू झाली, रस्ते सुधारले, बग्ग्या वाढल्या, आणि पालखी देवाच्या उत्सवापुरती आणि वारीपुरती उरली. भोयांचा खांदा मोकळा झाला. पण त्यांच्या नांवाची हांक मोकळी झाली नाहीं.

येथें प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा राहत नाहीं. भोई हें एका प्रौढ मनुष्याच्या कसबाचें नांव होतें. ज्याच्या पावलावर आणि आवाजावर दुसऱ्याचें हाडपेर अवलंबून, अशा माणसाचें तें नांव होतें. त्यांतील महाप्राण गळाला आणि अर्थ ‘पोरगा’ असा झाला. मग पन्नाशी उलटलेल्या, नातवंडें असलेल्या गड्यासहि ‘बॉय’ म्हणून हांक मारतां येऊं लागली, आणि हांक मारणाऱ्यास त्यांत कांहीं गैर वाटेनासें झालें. साहेब गेले, हांक राहिली. हॉटेलांतला पोऱ्या, कचेरींतला ऑफिस-बॉय, इस्पितळांतला वॉर्ड-बॉय यांचीं वयें कोण विचारतो? हा दोष परक्या भाषेवर ढकलून चालणार नाहीं, कारण ‘पोऱ्या’ हा शब्द अस्सल मराठी आहे आणि त्याचा उपयोगहि अस्सल मराठी तोंडेंच करतात.

परभाषेंतील शब्दांविषयीं महाराष्ट्रांत मोठे वाद झाले. माधव जूलियन यांचें ‘भाषाशुद्धि-विवेक’ हें पुस्तक १९३८ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हां सुशिक्षित घरांतून या विषयाची चर्चा चालू होती. आलेला शब्द ठेवावा कीं घालवावा, हा त्या वादाचा विषय. परंतु ‘बी’ अक्षराची ही पालखी पाहिली म्हणजे आणखी एक प्रश्न उभा राहतो. जे शब्द येथून गेले आणि वेष पालटून परत आले, त्यांस परके म्हणावें कीं आपले? बनियन घरांतून घालवावयाचा, तर त्याच्या मागोमाग वाण्यासहि घालवावें लागेल. शब्दाचा जन्म कोठें झाला, एवढ्यावरून त्याची किंमत ठरत नाहीं. तो कोणाला उचलून धरतो आणि कोणाला खालीं दडपतो, यावरूनहि ती ठरते.

कोशांच्या इतिहासांतहि हेंच दिसतें. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें निघाला आणि त्याची वाढविलेली, सुमारें साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ति १८५७ मध्यें मुंबईस छापली गेली. त्यांचा परिश्रम अलौकिक होता, यांत शंका नाहीं. पण त्यांच्या हाताखालीं मराठी शास्त्रीमंडळी शब्द गोळा करीत, अर्थ तपासीत. शास्त्र्यांचा स्वतंत्र ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ पासून निघूं लागला होता. मुखपृष्ठावर साहेबांचीं नांवें आलीं आणि दांडीखालचीं नांवें मागें पडलीं. ऑक्सफर्डच्या सुप्रसिद्ध बृहत्कोशाचा ए आणि बी या अक्षरांचा पहिला खंड १८८८ मध्यें पुरा झाला. त्यांत बाजार, बंगला, बांगडी हीं सर्व मंडळी इंग्रजी पोशाखांत बसलेलीं आहेत; परंतु ज्या कोळ्यांनीं, वाण्यांनीं, भोयांनीं आणि हमालांनीं तीं उचलून तेथवर नेलीं, त्यांचीं नांवें कोणत्याहि खंडांत सांपडावयाचीं नाहींत. पालखींत बसलेला दिसतो, वाहणारा दिसत नाहीं.

आजच्या भोईवाड्यांत पालखीचें दर्शन उत्सवाच्या दिवशींच घडतें. पण त्या परिसरांतील रस्त्यांवर दिवसाचे चोवीस तास एक दुसरी पालखी फिरत असते. १९२६ मध्यें सुरू झालेलें केईएम रुग्णालय आणि १९४१ मध्यें उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय हीं दोन्ही तेथून हांकेच्या अंतरावर आहेत. गाडींतून उतरवलेल्या रोग्यास झोळीवर घेऊन दोघे जण पुढें आणि दोघे मागें झपाझप जातांना दिसतात. जिना आला कीं पुढचा ओरडून सांगतो, वळण आलें कीं मागचा सावध होतो, आणि रोग्यास हिसका बसूं नये म्हणून चौघांचें पाऊल एका तालांत पडतें. सरकारी कागदांत त्यांस परिचर म्हणतात. लोक त्यांस वॉर्ड-बॉय म्हणून हांक मारतात.

हांक मारणारास ठाऊक नसतें, आणि ओ देणारासहि ठाऊक नसतें, कीं या ठिकाणीं हा शब्द तीन-चार शतकें जग हिंडून आपल्या मूळच्या वाड्यांत, मूळच्या अर्थासह परत आलेला आहे. तो तेथें पोरगा नाहीं; तो भोई आहे. सुंदर शब्दांच्या कोणत्याहि यादींत त्यास स्थान मिळावयाचें नाहीं. तथापि पुढच्या वेळीं त्या दारांत उभें राहून हांक मारतांना त्यांतील हरवलेला महाप्राण ज्यास आठवेल, त्याच्या आवाजाला निदान थोडा आदर सुटेल, आणि पांढऱ्या केसांच्या त्या माणसास तो ‘काका’ किंवा ‘मामा’ म्हणून बोलावील.